ई जीवनसत्त्व आणि हृदय: एका पटणाऱ्या सिद्धांताची गोष्ट

औषधाच्या दुकानात ई जीवनसत्त्वाची मऊ, हिरवट कॅप्सूल मागितली तर सहसा कुणी चिठ्ठी विचारत नाही. कुणी ती फोडून चेहऱ्याला लावतं, कुणी खोबरेल तेलात मिसळून केसांना चोळतं, कुणी पायात गोळे येतात म्हणून रात्री झोपताना घेतं. पन्नाशी ओलांडलेली काही माणसं ती ‘हृदयासाठी चांगली’ म्हणून घेतात. त्यांना कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. ही अँटिऑक्सिडंट आहे, रक्तातलं कोलेस्टेरॉल खराब होऊ देत नाही, त्यामुळे रक्तवाहिन्या साफ राहतात.

हे उत्तर अडाणीपणाचं नाही. विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत जगातल्या नामवंत प्रयोगशाळांमध्ये जवळपास हाच विचार चालू होता. त्यातला एकेक तुकडा प्रयोग करून तपासलेला होता. आणि तरीही हजारो माणसांना ही कॅप्सूल वर्षानुवर्षं देऊन पाहिली, तेव्हा हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. प्रत्येक पायरी बरोबर दिसत असताना शेवटचं उत्तर चुकीचं कसं निघालं, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण आपल्या मोबाइलवर रोज येणारे आरोग्याचे निम्मे सल्ले याच प्रकारच्या तर्कावर उभे असतात.

उंदरांपासून सुरुवात

ई जीवनसत्त्वाचा शोध लागला तेव्हा हृदयाचा विषयच नव्हता. १९२२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे, हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन स्कॉट बिशप हे दोघे उंदरांच्या आहारावर काम करत होते. त्यांनी उंदरांना शुद्ध केलेली प्रथिनं, पिष्टमय पदार्थ, डुकराची चरबी, क्षार आणि तोपर्यंत माहीत असलेली जीवनसत्त्वं एवढ्यावरच ठेवलं. उंदीर वाढत होते, धडधाकट दिसत होते. माद्यांना गर्भही राहत होता. पण तो गर्भ पोटातच मरायचा आणि विरघळून जायचा. आहारात सॅलडचा हिरवा पाला किंवा गव्हाचे अंकुर घातले की पिल्लं व्यवस्थित जन्माला यायची. त्या अज्ञात घटकाला त्यांनी ‘एक्स’ म्हटलं. ए, बी, सी, डी ही अक्षरं आधीच वापरली गेली होती, म्हणून १९२४ मध्ये बार्नेट शुअर यांनी त्याला ‘ई’ हे नाव सुचवलं.

१९३६ मध्ये इव्हान्स आणि त्यांचे सहकारी ऑलिव्हर व ग्लॅडिस इमर्सन यांनी गव्हाच्या अंकुराच्या तेलातून हा पदार्थ शुद्ध रूपात वेगळा केला. ग्रीक भाषेच्या एका प्राध्यापकाच्या मदतीने त्याचं नाव ठरलं टोकोफेरॉल. ‘टोकोस’ म्हणजे अपत्यजन्म आणि ‘फेरीन’ म्हणजे वाहणं. १९३८ मध्ये स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल कारर यांनी तो प्रयोगशाळेत बनवूनही दाखवला.

पण याच काळात या पदार्थाचा दुसराही एक गुण पुढे आला. आयोवा विद्यापीठात हेन्री मॅटिल आणि हॅरल्ड ओल्कॉट हे तेलं खवट का होतात याचा अभ्यास करत होते. घरात उघडं राहिलेलं शेंगदाण्याचं तेल किंवा जुनं खोबरं खवट होतं, तेव्हा तिथे काय घडतं? हवेतला ऑक्सिजन तेलातल्या चरबीच्या रेणूंवर हल्ला करतो. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, तो त्याच्या शेजारच्याला, आणि अशी साखळी चालू राहते. यालाच ऑक्सिडीकरण म्हणतात. वनस्पतींच्या तेलात मुळातच असा काही घटक असतो की जो ही साखळी रोखून धरतो, आणि टोकोफेरॉल हा त्यातला एक महत्त्वाचा घटक आहे, हे हळूहळू स्पष्ट झालं. ज्या करडईच्या, सूर्यफुलाच्या तेलबिया आपल्या मराठवाड्यात आणि सोलापूरकडे पिकतात, त्यांच्या तेलात ते भरपूर असतं.

कॅनडातले दोन भाऊ

१९४०च्या दशकात कॅनडातल्या लंडन या शहरात इव्हान आणि विल्फ्रिड शूट या डॉक्टर बंधूंनी जाहीर केलं की, ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसने त्यांच्या हृदयरोग्यांना आराम पडतो. वर्तमानपत्रांनी आणि साप्ताहिकांनी ही बातमी उचलून धरली. रोगी लांबून येऊ लागले. शूट बंधूंचा हेतू वाईट होता असं म्हणायला आधार नाही. त्यांना आपल्या डोळ्यांसमोर रोगी बरे होताना दिसत होते.

अडचण वेगळी होती. छातीतलं दुखणं हे असं आहे की ते कधी वाढतं, कधी आपोआप कमी होतं. डॉक्टरने आस्थेने विचारपूस केली, नवी गोळी दिली, तर बऱ्याच जणांना काही काळ बरं वाटतंच. ज्यांना गोळी दिली नाही त्यांचं काय झालं, हे शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय श्रेय गोळीचं की काळाचं हे ठरत नाही. त्या काळात काही छोट्या तुलनात्मक चाचण्या झाल्या, त्यांत फायदा दिसला नाही. वैद्यकीय जगताने शूट बंधूंकडे पाठ फिरवली, पण लोकांच्या मनात ‘हृदयासाठी ई’ हे समीकरण रुजून राहिलं.

तुलनेची ही गरज काही विसाव्या शतकात सुचलेली नाही. हजार-अकराशे वर्षांपूर्वी इराणातल्या रय शहरातले आणि बगदादमध्ये काम केलेले वैद्य अबू बक्र अल-राझी यांनी आपल्या ‘अल-हावी’ या नोंदींच्या मोठ्या संग्रहात एक अनुभव लिहून ठेवला आहे. मेंदूच्या तापाची लक्षणं दिसणाऱ्या रोग्यांच्या एका गटाचं त्यांनी रक्त काढलं आणि दुसऱ्या गटाचं मुद्दाम काढलं नाही. रक्त काढण्याचा उपाय आज आपण टाकून दिला आहे. पण उपाय न केलेला गट शेजारी ठेवायचा, हा त्यामागचा विचार मात्र टिकून राहिला. ई जीवनसत्त्वाचा निकाल अखेर याच विचाराने लागला, फक्त त्याला आणखी पन्नास वर्षं लागली.

कोलेस्टेरॉलचं कोडं

आता दुसरा धागा. १९१३ मध्ये रशियात, सेंट पीटर्सबर्ग येथे, निकोलाय अनिचकोव्ह आणि त्यांचे सहकारी खालातोव्ह यांनी सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल तेलात विरघळवून खायला घातलं. सशांच्या धमन्यांच्या आतल्या अस्तरात तसेच पिवळसर थर तयार झाले, जसे माणसांच्या धमन्यांत दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या थरांत चरबीच्या थेंबांनी गच्च भरलेल्या पेशी होत्या. साबणाच्या फेसासारख्या दिसतात म्हणून त्यांना फेसाळ पेशी म्हणतात.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, आणि रक्त तर बहुतांशी पाणीच. मग ते रक्तातून फिरतं कसं? शरीर त्यासाठी छोटी छोटी वाहनं बनवतं. आत चरबी आणि कोलेस्टेरॉल, बाहेरून प्रथिनाचं आवरण. यांना लायपोप्रोटीन म्हणतात. १९५०च्या सुमारास बर्कलीतच जॉन गॉफमन यांनी अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात रक्तद्रव घालून या वाहनांचे घनतेनुसार प्रकार वेगळे केले. त्यातला कमी घनतेचा प्रकार म्हणजे एलडीएल. आज रक्ताच्या रिपोर्टवर ज्या आकड्याकडे आपली नजर आधी जाते तोच हा.

१९७०च्या दशकात डॅलसमधील जोसेफ गोल्डस्टीन आणि मायकेल ब्राउन यांनी दाखवलं की, पेशींच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडून आत घेणारे ग्राहक असतात. या कामासाठी त्यांना १९८५चं नोबेल पारितोषिक मिळालं. पण यातून एक कोडं उभं राहिलं. पेशीची गरज भागली की हे ग्राहक कमी होतात, म्हणजे पेशी पोटापुरतंच खाते. मग फेसाळ पेशी फुगेपर्यंत खातात त्या कुठल्या वाटेने? शिवाय काही लोकांत जन्मतःच हे ग्राहक नसतात, तरी त्यांच्या धमन्या लहान वयातच फेसाळ पेशींनी भरून जातात. म्हणजे दुसरी कुठलीतरी वाट असणारच.

१९७९ मध्ये याच गटाला ती वाट सापडली. एलडीएलमध्ये रासायनिक बदल केला की शरीरातल्या भक्षक पेशी, ज्यांचं काम कचरा गिळण्याचं आहे, त्या ते बदललेलं एलडीएल अमर्याद गिळतात. त्यांच्या दृष्टीने ते आता अन्न राहिलेलं नसतं, कचरा झालेलं असतं. पण प्रयोगात केलेला तो विशिष्ट बदल शरीरात होतो असा पुरावा नव्हता. मग शरीरात एलडीएलला कचरा कोण बनवतं?

रक्तवाहिनीतला खवटपणा

याचं उत्तर कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ डॅनियल स्टाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत आकाराला आलं. १९८१ मध्ये तिथे दिसलं की, धमनीच्या अस्तरातल्या पेशींबरोबर एलडीएल काही तास ठेवलं की ते बदलतं आणि भक्षक पेशी ते वेगाने गिळू लागतात. १९८४ मध्ये या बदलाचं नाव कळलं: ऑक्सिडीकरण. एलडीएलमधली चरबी अक्षरशः खवट होत होती. त्या संशोधकांत मूळचे भारतातले संपत पार्थसारथी हे एक महत्त्वाचं नाव. आणि त्याच प्रयोगात असंही दिसलं की, त्या काचपात्रात ई जीवनसत्त्व टाकलं तर हा बदल थांबतो.

इथे दोन धागे एकत्र आले. तेलाचा खवटपणा रोखणारं जीवनसत्त्व आणि धमन्या भरणारं खवट कोलेस्टेरॉल.

पुढची काही वर्षं पुरावे येतच राहिले. जपानमध्ये वातानाबे नावाच्या पशुवैद्यकाने सशांची एक जात जोपासली होती. या सशांत एलडीएलचे ग्राहक नीट काम करत नाहीत, त्यामुळे साधा आहार असूनही त्यांच्या धमन्या भरतात. १९८७ मध्ये क्योटोत आणि कॅलिफोर्नियात, दोन स्वतंत्र गटांनी या सशांना प्रोब्यूकॉल नावाचं औषध दिलं. ते औषध अँटिऑक्सिडंटही आहे. सशांच्या धमन्यांतले थर कमी वाढले. १९८९ मध्ये माणसांच्या आणि सशांच्या धमन्यांतल्या थरांत ऑक्सिडीकरण झालेलं एलडीएल प्रत्यक्ष सापडलं.

ई जीवनसत्त्व नेमकं काय करतं, हे ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात हर्मान एस्टरबाउअर यांनी फार सोप्या रीतीने दाखवलं. त्यांनी शुद्ध केलेल्या एलडीएलमध्ये तांब्याचे क्षार टाकले, म्हणजे ऑक्सिडीकरण सुरू होतं, आणि ते अतिनील प्रकाशात मिनिटामिनिटाला मोजलं. सुरुवातीला बराच वेळ फारसं काही घडत नाही. या काळात एलडीएलमधलं ई जीवनसत्त्व एकेक करून खर्ची पडतं. ते संपलं की आलेख एकदम वर चढतो आणि चरबी झपाट्याने बिघडते. सुरुवातीच्या त्या शांत काळाला ‘विलंबकाळ’ म्हणू या. एलडीएलच्या एका कणात सहज बिघडू शकतील असे चरबीचे हजाराहून अधिक रेणू असतात, आणि त्यांच्या राखणीला ई जीवनसत्त्वाचे सरासरी सहा-सातच रेणू. साखळी पुढे सरकवणाऱ्या बिघडलेल्या रेणूला ई जीवनसत्त्व आपल्याकडचा हायड्रोजनचा एक अणू देतं, त्यामुळे तो शांत होतो आणि साखळी तिथेच तुटते.

मग प्रश्न ओघानेच आला की, माणसाने ई जीवनसत्त्व जास्त खाल्लं तर त्याच्या रक्तातल्या एलडीएलचा विलंबकाळ वाढेल का? ग्राझमध्ये आणि डॅलसमध्ये ईश्वरलाल जियालाल व स्कॉट ग्रंडी यांनी १९९१-९२च्या सुमारास हे तपासलं. उत्तर होकारार्थी आलं. कॅप्सूल घेणाऱ्यांचं एलडीएल प्रयोगशाळेत उशिरा खवट होत होतं. हा निकाल पुढेही पुन्हा पुन्हा मिळाला. तो आजही खरा आहे.

१९९३: खात्री वाटू लागली

मे १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात एकाच अंकात दोन अभ्यास आले. एकात ८७,२४५ परिचारिकांची आठ वर्षं, दुसऱ्यात ३९,९१० पुरुष आरोग्य व्यावसायिकांची चार वर्षं नोंद ठेवलेली होती. ई जीवनसत्त्व सर्वांत जास्त घेणाऱ्यांत हृदयविकार सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. फायदा मुख्यतः कॅप्सूल घेणाऱ्यांत दिसत होता, नुसत्या आहारातून मिळणाऱ्यांत नाही.

रसायनशास्त्र जुळलं, ससे जुळले, आणि आता लाखाहून अधिक माणसंही जुळली. अमेरिकेत कॅप्सूलचा खप वाढला. अनेक हृदयरोगतज्ज्ञ स्वतःच ती घेऊ लागले. या अभ्यासांच्या लेखकांनी मात्र आपल्या लेखातच सावध केलं होतं की, सल्ला देण्याआधी चाचण्या व्हायला हव्यात.

हा सावधपणा कशासाठी? कारण या अभ्यासांत कॅप्सूल कुणी घ्यायची हे संशोधकांनी ठरवलेलं नव्हतं, ते लोकांनी स्वतः ठरवलेलं होतं. स्वतःहून रोज जीवनसत्त्वाची गोळी घेणारा माणूस कसा असतो? तो बहुधा सिगारेट कमी ओढतो, चालायला जातो, डॉक्टरकडे वेळेवर जातो, त्याच्या खिशात पैसेही थोडे जास्त असतात. मग त्याचं हृदय वाचलं ते कॅप्सूलमुळे की या सगळ्यामुळे? गणिताने यातला काही भाग वजा करता येतो, सगळा येत नाही.

चिठ्ठी टाकून परीक्षा

खरी परीक्षा एकच. हजारो माणसं घ्यायची, चिठ्ठी टाकल्यासारखे त्यांचे दोन गट करायचे, एकाला खरी कॅप्सूल आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली द्यायची. कुणाला काय मिळालं हे रोग्याला कळू द्यायचं नाही, डॉक्टरलाही नाही. मग वाट पाहायची.

१९९४ मध्ये फिनलंडमधून पहिला मोठा निकाल आला. तिथल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज ५० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व, किंवा बीटा कॅरोटीन, किंवा दोन्ही, किंवा काहीच नाही, असं पाच ते आठ वर्षं दिलं होतं. चाचणी मुळात फुप्फुसाच्या कर्करोगासाठी होती. ई जीवनसत्त्वाने तो कमी झाला नाही, आणि मेंदूत रक्तस्राव होऊन झालेले मृत्यू त्या गटात काहीसे जास्त होते. दुसरं अँटिऑक्सिडंट, म्हणजे बीटा कॅरोटीन, घेणाऱ्यांत तर फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. लोक चकित झाले.

१९९६ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजहून आशा वाढवणारा निकाल आला. २,००२ हृदयरोग्यांपैकी कॅप्सूल घेणाऱ्या १,०३५ जणांत जीवघेणे न ठरलेले झटके १४ होते, तर न घेणाऱ्या ९६७ जणांत ४१. म्हणजे ७७ टक्क्यांची घट. हा आकडा जगभर गाजला. पण त्याच चाचणीत मृत्यू मात्र कमी झाले नव्हते, उलट कॅप्सूलच्या गटात किंचित जास्तच होते. शिवाय १४ आणि ४१ हे लहान आकडे आहेत. चाचणी छोटी असली की योगायोगाला जागा मिळते.

मग मोठ्या चाचण्या आल्या. १९९९ मध्ये इटलीत, नुकताच झटका येऊन गेलेल्या ११,३२४ रोग्यांवर. रोज ३०० मिलिग्रॅम, साडेतीन वर्षं. ठोस फायदा नाही.

जानेवारी २००० मध्ये ‘होप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीचा निकाल आला. तिचं नेतृत्व कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे डॉ. सलीम युसूफ करत होते. केरळात जन्मलेले, बंगळुरूला डॉक्टर झालेले आणि ऑक्सफर्डला पुढे शिकलेले हे गृहस्थ आज जगातल्या आघाडीच्या हृदयरोग संशोधकांत गणले जातात. होपमध्ये पंचावन्न वर्षांवरची, हृदयविकाराचा धोका जास्त असलेली ९,५४१ माणसं होती. ई जीवनसत्त्वाचा डोस रोज ४०० युनिट, सरासरी साडेचार वर्षं. झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांपैकी काही झालेल्यांचं प्रमाण ई जीवनसत्त्वाच्या गटात १६.२ टक्के आणि दुसऱ्या गटात १५.५ टक्के. फरक शून्यवत, तोही उलट्या बाजूने.

या चाचणीची खुबी अशी की, त्याच माणसांत रामिप्रिल या रक्तदाबाच्या जुन्या गोळीचीही परीक्षा घेतलेली होती. तिथे आकडे होते १४ टक्के विरुद्ध १७.८ टक्के. म्हणजे माणसं तीच, डॉक्टर तेच, मोजण्याची पद्धत तीच. एक गोळी उपयोगी ठरली, दुसरी नाही. ‘चाचणीतच काहीतरी खोट असेल’ असं म्हणायला फारशी जागा उरली नाही.

२००२ मध्ये ब्रिटनमध्ये २०,५३६ जणांवर तेच घडलं. ई, सी आणि बीटा कॅरोटीन तिन्ही एकत्र, पाच वर्षं. रक्तातलं ई जीवनसत्त्व जवळपास दुप्पट झालं, पण झटके कमी झाले नाहीत. त्याच चाचणीत सिम्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीने झटके आणि पक्षाघात सुमारे एक चतुर्थांशाने कमी केले. २००४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने स्पष्ट केलं की, हृदयविकार टाळण्यासाठी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेण्याची शिफारस करता येत नाही.

मग चुकलं कुठे?

याची काही उत्तरं चाचण्यांच्या आधीच मिळू लागली होती, त्यांच्याकडे लक्ष कमी गेलं इतकंच. ऑस्ट्रेलियात सिडनीमध्ये रोलंड स्टॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवलं की, ई जीवनसत्त्व नेहमीच राखणदार नसतं. हायड्रोजनचा अणू देऊन झाल्यावर ते स्वतः अर्धवट बिघडलेल्या अवस्थेत उरतं. सी जीवनसत्त्वासारखा कुणी त्याला दुरुस्त करणारा जवळ असेल तर ठीक. नसेल, आणि ऑक्सिडीकरणाचा मारा हळू असेल, तर तेच साखळी पुढे ढकलू शकतं. एस्टरबाउअर यांच्या प्रयोगात तांब्याचा मारा जोरदार होता, तिथे ते राखणदार ठरलं. धमनीच्या भिंतीतली परिस्थिती तशीच असेल असं नाही.

त्याच गटाने माणसांच्या धमन्यांतले थर काढून तपासले. तिथे खवट झालेली चरबी होती आणि तिच्या शेजारीच ई जीवनसत्त्वही पुरेसं शिल्लक होतं. राखणदार जागेवर असतानाच चोरी झालेली होती. मग आणखी राखणदार पाठवून काय साधणार?

शिवाय रक्ताच्या नळीतला विलंबकाळ वाढणं ही एक खूण होती. खूण सुधारली म्हणजे रोग सुधारला असं आपण धरून चाललो. ससे तरुण होते आणि त्यांच्या धमन्या भरायला नुकती सुरुवात झाली होती. माणसं साठीची होती आणि त्यांच्या धमन्यांत चाळीस वर्षांचा थर होता. स्टाइनबर्ग आणि त्यांचे सहकारी विट्झटम यांनी २००२ मध्ये लिहिलं की, या चाचण्यांनी ऑक्सिडीकरणाचा सिद्धांत खोटा ठरत नाही, या वयात, या रोग्यांत, या औषधाचा उपयोग होत नाही एवढंच ठरतं. हा मुद्दा रास्त आहे. एलडीएल खवट होतं आणि ते रोगात भाग घेतं, हे आजही मानलं जातं. पण सिद्धांत जिवंत असणं वेगळं आणि कॅप्सूल उपयोगी असणं वेगळं.

नुकसानही होऊ शकतं

‘फायदा नसेना का, तोटा तर नाही’ असं म्हणून पुष्कळ जण गोळी चालू ठेवतात. मोठ्या माणसाची रोजची गरज अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे १५ मिलिग्रॅम आहे. आपल्याकडच्या एका कॅप्सूलमध्ये बहुधा २०० किंवा ४०० मिलिग्रॅम असतं. २००५ मध्ये १९ चाचण्यांतल्या १,३५,९६७ लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा रोज ४०० युनिट किंवा त्याहून जास्त घेणाऱ्यांत एकूण मृत्यू किंचित जास्त दिसले. त्यावर टीका झाली की, यातले बरेच लोक आधीच आजारी आणि वयस्क होते. पण त्याच वर्षी होप चाचणीतल्या माणसांचा पुढचा पाठपुरावा आला, त्यात हृदय अशक्त होण्याचं प्रमाण ई जीवनसत्त्वाच्या गटात वाढलेलं होतं. २०११ मध्ये अमेरिकेत ३५,५३३ पुरुषांवरच्या चाचणीत, रोज ४०० युनिट घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला. मोठ्या डोसने रक्त गोठण्यावरही परिणाम होतो, म्हणून रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय ही कॅप्सूल घेऊ नये.

याचा अर्थ ई जीवनसत्त्व वाईट आहे असा नाही. ज्यांच्या आतड्यात चरबी शोषली जात नाही किंवा ज्यांना काही दुर्मीळ आनुवंशिक दोष आहेत, त्यांच्यासाठी ते खरं औषध आहे, त्याशिवाय त्यांच्या मज्जातंतूंना इजा होते. यकृताच्या एका विकारातही काही रोग्यांना डॉक्टर ते देतात. आणि शेंगदाणे, बदाम, सूर्यफूल-करडईचं तेल, हिरव्या पालेभाज्या यांतून मिळणारं ई खायला कुणाचीच हरकत नाही.

आपल्यासाठी काय उरतं

डॉ. सलीम युसूफ यांनीच पुढे ५२ देशांत एक मोठा अभ्यास केला. २००४ मध्ये त्याचा निष्कर्ष आला की, पहिल्या झटक्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक धोका नऊ साध्या गोष्टींशी जोडलेला आहे. तंबाखू, कोलेस्टेरॉलचं बिघडलेलं प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाजी-फळं, व्यायाम आणि दारू. याच अभ्यासातून २००७ मध्ये हेही पुढे आलं की, आपल्या भारतीय उपखंडात पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, बाकीच्या देशांत जवळपास ५९व्या वर्षी. सहा वर्षांचा हा फरक म्हणजे ज्याच्यावर घर चालतं तो माणूस मुलं शिकत असतानाच जाणं.

अशा घरात पैसा मोजकाच असतो. महिन्याच्या शेवटी रक्तदाबाची गोळी घ्यायची की ‘ताकदीची’ कॅप्सूल, अशी निवड करावी लागते, आणि कित्येकदा कडू वाटणारी रोजची गोळी सुटते आणि निरुपद्रवी वाटणारी कॅप्सूल चालू राहते. होप चाचणीत या दोन्हींची परीक्षा एकाच वेळी झाली होती, आणि तिचा निकाल आपल्याला माहीत आहे.

उद्या कुणी हळदीची गोळी आणील, कुणी कलौंजीच्या तेलाची, कुणी परदेशी फळाच्या रसाची. प्रत्येकाबरोबर एक पटणारं स्पष्टीकरण असेल, प्रयोगशाळेतला एक आलेख असेल, कदाचित उंदीर-सशांवरचा प्रयोगही असेल. तेव्हा विचारायचं एवढंच: हे किती माणसांना दिलं? न घेतलेला गट शेजारी होता का? आणि शेवटी त्यातली किती माणसं वाचली? ई जीवनसत्त्वाच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांची भक्कम उत्तरं मिळायला सत्तर-पंचाहत्तर वर्षं गेली. ती मिळाल्यावर तिसऱ्याचं उत्तर वादाचं राहिलं नाही.